वरचं कुणाचं, खालचं कुणाचं

अक्का, घरामागं आपल्या परड्यात सिमेंटचे खांब येऊन पडलेत. वरच्या टप्प्यावर कढीपत्त्याच्या झाडाखाली एकावर एक रचून ठेवलेत आणि शेजारी तारेच्या जाळीचं भेंडोळं आहे. वरचा टप्पा आणि खालचा टप्पा यांच्या मधोमध, तुझ्या पायऱ्यांवरून, कुंपण जायचं आहे. वरचं भावजींना आणि तुझ्या लेकाला, बसूला, खालचं आम्हाला. तू जाऊन अजून महिना झालेला नाही.

कुणाचं भांडण झालं म्हणून नव्हे. तसं असतं तर मी तोंड सोडलं असतं आणि मोकळी झाले असते. भांडण नाही हीच पंचाईत आहे. भावजी आमच्या ह्यांना पेंडीच्या दुकानात म्हणाले, "ती हुती तवर एक गोष्ट हुती. तिनं धरून ठेवलंतं. आता गोडीगुलाबी हाय तवरच वाटून घिऊया. फुडं पोरांची तोंडं फिरण्यापरास बरं." आणि आमचे हे, ज्यांना उभ्या जन्मात थोरल्या भावाला नाही म्हणता आलेलं नाही, ते बरं म्हणून घरी आले आणि जेवायला बसले. मी त्या दिवशी ताट वाढलं नाही. त्यांनी आपलं आपण वाढून घेतलं.

भावजींनी मला थेट काही सांगितलं नाही. ते कधी सांगत नव्हतेच. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना माझ्याशी काही बोलायचं असलं की ते तुला सांगायचे, मी तिथंच भाकरी थापत असले तरी. "तिला म्हणावं, चहात साखर जरा कमी." मग तू माझ्याकडं तोंड करून तेच वाक्य दुप्पट आवाजात ओरडायचीस, आणि मीही उत्तर तुलाच द्यायची. थोरला दीर आणि धाकटी भावजय, रीतच तशी. पण आता मध्ये कुणी नाही. परवा आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर आलो आणि दोघांनीही एकदमच चुलीच्या कट्ट्याकडं बघितलं, जिथं तू असायचीस. शेवटी ते पाणी न पिताच परत गेले.

आपल्या रीतीप्रमाणं तुला बसवून माती दिली. शेवटचं लुगडं कुरुंदवाडहून तुझ्या भावानं आणलं. सगळ्या बायका रडत होत्या आणि माझ्या मनात भलतंच चाललं होतं, की ही बाई एवढा वेळ गप्प बसलीय कशी. तुला स्वस्थ बसलेली मी जन्मात एकाच जागी पाहिली, परड्यातल्या मधल्या पायरीवर, लसूण सोलताना. नेमका तिथंच पहिला खांब येणार आहे.

आधी तिथं पायऱ्या नव्हत्या. टप्पेही नव्हते. नुसता उतार होता. नव्वदीच्या सुरुवातीला दोघा भावांनी कोल्हापूरच्या कडेला, माळावर हे घर बांधलं. पुढून बघितलं तर घर आणि मागून बघितलं तर घसरगुंडी. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की जमीन थेट ओढ्याकडं पळायची. बादली ठेवली की कलंडायची. हातातलं लिंबू सुटलं की ते ओढ्याचं झालं. धुणं वाळत घालताना एक पाय वर आणि एक खाली. "अक्का, तुमचा एक पाय लांब असता तर बरं झालं असतं," असं मी नवी नवरी असताना म्हणून गेले, आणि तू ओला टॉवेल फेकून मारलास. वर म्हणालीस, "आणि तुमी-बिमी म्हणू नगंस. मी काय तुजी सासू हाय व्हय?" तेव्हापासून तू ती तू.

मग आमची गौरी चालायला लागली आणि गंमत संपली. पावसाळ्याचे दिवस होते. दार उघडं राहिलं आणि पोर ओल्या गवतावरून सुटली ती थेट खालच्या शेराच्या कुंपणाकडं. पलीकडं ओढा दुथडी भरून. मी ओरडले फक्त. तू मात्र नेसत्या लुगड्यानिशी त्या उतारावर बसून घसरलीस आणि कुंपणाशी तिचा फ्रॉक धरलास. तुझ्या कोपराचं साल निघालं, तो वण शेवटपर्यंत होता. वर येऊन पोरीला माझ्या अंगावर टाकलंस, मला दोन शिव्या घातल्यास आणि म्हणालीस, "ह्या उताराचं कायतरी कराय पायजे."

एवढ्यावर आपलं एकमत झालं. पुढची कित्येक वर्षं ते शेवटचंच.

मी गारगोटीची. आमच्याकडं डोंगराला ताली घालतात, टप्प्याटप्प्यानं भात लावतात, आणि उतार हा काही शत्रू नसतो. मी सरळ सांगितलं, दोन टप्पे पाडू, मध्ये लहानशी भिंत, खाली लहानशी भिंत, दोन्हींवर जोर कमी. तू भाकरीचं पीठ मळत होतीस. तुझा हात थांबला.

"दोन टप्पे? मग वरचं कुणाचं नि खालचं कुणाचं?"

"कुणाचं म्हंजे? सगळ्यांचं."

"आज सगळ्यांचं. उद्या?"

आणि तू मला तुझ्या माहेरच्या परड्याची गोष्ट सांगितलीस. तुझे अप्पा आणि काका यांच्यामध्ये गुडघ्याएवढी भिंत घातली होती, कोंबडी उडी मारून जायची एवढीच. आधी बोलणं कमी झालं, मग बंदच. तुझं लग्न अप्पांच्या बाजूच्या परड्यात लागलं. काका आले, पण भिंतीपलीकडंच उभे राहिले. "अक्षता टाकल्या की त्येनं," तू म्हणालीस. "खरं, तिकडनंच. काय आमच्यात पडल्या, काय त्येच्यात." मग तू पिठाच्या गोळ्यावर असा हात मारलास की परात उडाली. "माज्या घरात मला पायरी नगं. सपाट पायजे. ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर एकच."

गप्प बसले. एकच सपाटी करायची म्हणजे खाली ओढ्याच्या अंगाला पुरुषभराहून उंच भिंत आणि तिच्यामागं ट्रॉल्याच्या ट्रॉल्या भर. तेही मान्य केलं. पण मातीवरून गप्प बसणं मला जमलं नाही.

तुझे अप्पा कुरुंदवाडहून ट्रॅक्टर घेऊन आले. स्वतः मडगार्डवर बसून, डोक्याला पटका. ट्रॉलीत त्यांच्या नदीकाठच्या मळीच्या रानातली काळीभोर माती. "नातवंडांच्या पायाखाली आमच्या रानातली माती असूंदे," म्हणाले. तुझे डोळे भरून आले होते आणि मी तुला हाताला धरून आत नेलं.

"अक्का, काळी माती पाणी पिऊन फुगती. उन्हाळ्यात भेगाळती. भित्तीमागं ती नगं. मुरूम भर, पाणी निघून जाईल."

"जिच्यात पुरुषभर ऊस येतोय तिला नावं ठेवतीस? तुमच्या तांबड्या मातीत काय येतंय? नाचणी."

"ती नाचणी खाऊनच मी तुझ्या दुप्पट घागरी उचलतो."

"सुम्मन कूड," तू कानडीत म्हणालीस. गप बस. राग डोक्यात गेला की तुझी माहेरची कानडी बाहेर यायची, आणि मग पुढं बोलण्यात अर्थ नसायचा. घरातल्या पोरांना कानडीतलं तेवढंच येतं.

गवंड्यानं विचारलं, भिंतीत पाणी जायला भोकं ठेवू का. तू म्हणालीस, "नगं. ओढ्याकडनं साप-इंचू आत येतील. पोरं खेळणार हायत हितं." गवंड्यानं भावजींकडं बघितलं, भावजींनी तुझ्याकडं बघितलं, आणि भोकं ठेवायची राहूनच गेली. तुझी भीती खोटी नव्हती हेही सांगते. शेराच्या कुंपणातून धामण जाताना मी स्वतः पाहिली होती. तू जे केलंस ते पोरांसाठीच केलंस, आणि म्हणूनच तुझ्याशी भांडणं एवढं अवघड होतं.

पुढची काही वर्षं मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. परडं असं झालं की गल्लीतल्या बायका पापड घालायला आपल्याकडं यायला लागल्या. उन्हाळ्यात एका बाजूला मिरच्या, एका बाजूला शेवया, मध्ये बसू आणि गौरीचं क्रिकेट, आणि चेंडू मिरच्यांत गेला की तुझा आवाज पार नाक्यापर्यंत. भिंतीकडच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला, लोखंडी पाइपांचा मोठा झोपाळा उभा केला. नागपंचमीला सगळ्या गल्लीच्या लेकीसुना तिथं झोके घ्यायच्या. तू पदर खोचून उभी राहायचीस आणि माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उडवायचीस. पाऊसही त्या वर्षांत बेताचाच झाला. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडायच्या, तू त्यात माती लोटून पाणी मारायचीस आणि शेणानं सारवून टाकायचीस. मी बघायची आणि बोलायची नाही.

मग पाच सालचा पाऊस आला. पंचगंगा गावात शिरली, कुरुंदवाडला तर तुझ्या माहेरच्या घरात पाणी. तुझे अप्पा तेव्हा नव्हते, पण भाऊ सगळा संसार घेऊन शाळेत जाऊन राहिला. तू रोज फोनपाशी. आणि आपल्या परड्यात, कुणी बघत नव्हतं तेव्हा, भिंतीनं पोट काढलं.

मी ओढ्याच्या पुलावरून येताना पाहिलं. भिंत बाहेरच्या बाजूला फुगली होती, सरळ दिसत होतं. घरी येऊन परड्यात गेले तर भिंतीच्या कडेनं जमिनीला चीर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चीर नाही. तिथं काळ्या मातीचं ताजं सारवण आणि त्यावर लांबच्या लांब रांगोळी, वेलबुट्टी. तू कधीच एवढी लांब रांगोळी घालत नव्हतीस. तिसऱ्या दिवशी वेलीला पानं वाढली होती, कारण चीर वाढली होती. मी तुझ्याकडं बघितलं, तू दुसरीकडं बघितलंस. आपण दोघी एकमेकींना भाजी वाढत होतो, पोरांची दप्तरं भरत होतो, आणि ते एक सोडून सगळ्यावर बोलत होतो. कुणाला सांगणार? भावजी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, हे भावजींच्या शब्दाबाहेर नाहीत. मी पोरांना परड्यात जाऊ देत नव्हते. निमित्तं संपत आली होती.

नागपंचमीच्या सकाळी मी बोलले. तू पाटावर चंदनाचा नाग काढून पुजला होतास. त्या दिवशी आपल्यात विळी धरत नाहीत, तळत नाहीत आणि माती तर उकरतच नाहीत, नागोबाला लागेल म्हणून. तू या बाबतीत एवढी कडक, की भाजीची जुडी हातानं तोडायचीस. चुलीवर पुरणाची दिंडं उकडत होती.

"अक्का, आज बायकांना झोक्याला बोलवू नगंस."

"सणाला दारात आल्याल्या लेकीबाळींना माघारी लावू?"

"भित्तीनं पोट काढलंय. तुला म्हायती हाय. तू रोज तिच्यावर रांगोळी घालतीस."

पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं. तू ते उचललं नाहीस. मला वाटलं, आता कानडी येणार. पण तू फार हळू म्हणालीस, "आमच्या अप्पांची माती हाय ती, शोभा. ती मला दगा दील?" तेवढ्यात पुढच्या दारातून बायका आल्या, हिरव्या बांगड्या वाजवत, आणि तू डोळे पुसून हसत बाहेर गेलीस.

पाऊस भुरभुर होता. झोके सुरू झाले. मी सगळा वेळ झोपाळा आणि भिंत यांच्या मध्ये खुळ्यासारखी उभी होते, जणू मी भिंत धरून ठेवणार होते. बाया म्हणाल्या, हिला काय झालंय, ही झोका का घेईना? मी नुसती हसले. शेवटी गौरी आणि बसू फळीवर उभे राहिले आणि झोका चढवायला लागले.

आवाज मोठा नव्हता. जाड कापड फाडावं तसा. तुझ्या रांगोळीतली वेल मधोमध तुटली आणि तिची एक बाजू खाली गेली. तू पाहिलंस, मी पाहिलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तू माझं मनगट असं आवळलंस की बांगडी पिचली. मग रोजच्या आवाजात म्हणालीस, "चला गं बायांनो, दिंडं निवायलीत. आदी खावा, मग झोका." कुणाला काही कळलं नाही. एवढ्या बायका एकदम पळाल्या असत्या तर त्या धक्क्यानंच काय झालं असतं, हे मला नंतर सुचलं. तुला तेव्हाच सुचलं होतं. झोका वर चढलेला, एकदम अडवता येत नव्हता. तू दोराबरोबर चार पावलं पुढं गेलीस, चार मागं आलीस, परत गेलीस, त्या चिरेच्या अलीकडं-पलीकडं, आणि झोका हळूहळू हातात आणलास. बसू कुरकुरला. तू त्याला काही बोलली नाहीस. दोघांना खाली उतरवून आत पाठवलंस, आपण मागं राहून दाराला बाहेरून कडी घातलीस. मग माझ्याकडं वळलीस.

"कुदळ कुठं हाय?"

"अक्का, आज माती उकरायची न्हाय."

"नागोबाला काय सांगायचं ते मी सांगतो. तू खोरं आण."

कडेच्या कोपऱ्यातून पाण्याला वाट काढून दिली तर निदान सगळं परडं एकदम जाणार नाही, स्वयंपाकघराचा पाया वाचेल, एवढंच आपल्याला कळत होतं. तू कुदळ मारत होतीस, मी खोऱ्यानं ओढत होते. नऊवारीचा काचा मारलेली तू, पायाखालची माती हलतेय हे कळत असूनही हात न थांबवणारी. आतून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. मधेच तू पुटपुटत होतीस, मला वाटलं शिव्या देतेस, ऐकलं तर नागोबाची माफी मागत होतीस. मग कोपऱ्यातून काळं पाणी फुटलं, आपण दोघी दाराशी मागं सरलो, आणि भिंत आधी वाकली, मग खाली बसली. झोपाळ्याचे पाइप तिच्याबरोबर गेले. दाराला आतून धक्के बसायला लागले. कडी काढली तर गल्लीतली म्हातारी हातात दिंड धरून उभी, तोंड उघडं.

स्वयंपाकघराला धक्का लागला नाही. कुणाला खरचटलंही नाही. तू उंबऱ्यावर उभी राहून ओढ्याकडं बघत होतीस. गाळानं पाणी काळं झालं होतं. "चालली बघ," म्हणालीस. "ओढ्यातनं पंचगंगेला, पंचगंगेतनं कुरुंदवाडला. म्हायाराला चालली." आणि हसलीस. मग हसता हसता जी रडायला लागलीस ती मला आवरेना. तुला धरून मीही रडले. तू गेलीस तेव्हाही मी तेवढी रडले नाही.

दसऱ्यानंतर नवं काम निघालं, तेव्हा तू स्वतःच म्हणालीस, दोन टप्पे करा, मुरूम भरा, खालच्या भिंतीला भोकं ठेवा, भोकांना जाळी लावा. भावजी चकित झाले. तुझी अट एकच होती. मध्ये भिंत नको. वरच्या टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर यायला पायऱ्या, आणि त्या कोपऱ्यात नव्हेत, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, सबंध रुंदीच्या.

"एवढ्या रुंद कशाला?" मी विचारलं.

"आमच्या नदीच्या घाटासारख्या. घाटावर वरचं कुणाचं नि खालचं कुणाचं, कोण इचारतंय का?"

त्या पायऱ्यांवर आपली पुढची चार वर्षं गेली. कुणी आलं की तिथंच बसायचं. हळदीकुंकू तिथं, पोरांचा अभ्यास तिथं, संध्याकाळी दुकानातून आल्यावर दोघे भाऊ वरच्या पायरीवर चहाला. पावसाळ्यात पाणी एकेक पायरी उतरून जायचं आणि आपण दारातून बघायचो. गारगोटीचे टप्पे आणि कुरुंदवाडचा घाट. असं परडं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. ते तुझ्यामुळं झालं, हे मी तुला कधी म्हटलं नाही. तूही कधी म्हटलं नाहीस की मातीचं माझं खरं होतं. शेवटपर्यंत तुझं एकच, "सिमेंट मुळमुळीत हुतं. मातीत काय दोष न्हवता." अंथरुणाला खिळलीस तेव्हाही एक दिवस तेच काढलंस. मला वाटलं, आता कशाला वाद, म्हणून म्हटलं, "बरं, अक्का." तू डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलंस. "बरं म्हणालीस? म्हंजे मी आता जगत न्हाय." आणि खरंच नाही जगलीस. ते बरं माझ्या तोंडून गेलं याचा मला अजून राग येतो. मी भांडायला हवं होतं. तू आणखी चार दिवस तरी भांडायला राहिली असतीस.

भिंतीचं माझं खरं ठरलं, अक्का, पण माणसांचं तुझं. तू विचारलं होतंस, आज सगळ्यांचं, उद्या? हा बघ, उद्या टेम्पोत बसून आला.

आज सकाळी खड्डे काढायला दोघे गडी आले, पहार आणि कुदळ घेऊन. भावजी वरच्या टप्प्यावर, हे माझ्या मागं दारात. गड्यानं मधल्या पायरीवर, तुझ्या जागेवर, खडूची खूण केली. मला वाटलं होतं मी ओरडेन. पण आवाज शांत निघाला.

"पावणं, आज नागपंचमी हाय. आज माती उकरत न्हाईत, म्हायती न्हाय व्हय?"

गड्यानं जीभ चावली आणि पहार खाली ठेवली. भावजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या ध्यानातच नव्हतं. कसं असणार? या घरात सण कुठल्या दिवशी आहे हे बाप्यांना तुझ्या ओरडण्यावरून कळायचं. यंदा घरात सण नाही, म्हणून मीही पाट पुजला नव्हता. पण तुझ्या एका कुदळीनं त्या दिवशी जेवढी माणसं वाचली, तेवढी आज मला न मारलेल्या कुदळीनं वाचवायची होती. गडी उद्या येतो म्हणून गेले.

दुपारी गल्लीतल्या पोरी आल्या, भीतभीत. "काकू, झोका बांदू का? अक्का न्हाईत म्हणून इचारलं." खालच्या टप्प्यावर नवा झोपाळा आहे, पण फळी तू गेलीस त्या दिवशी भावजींनी काढून माळ्यावर टाकली होती. मी तोंड उघडणार तर भावजी आत गेले, स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि ते फळी खांद्यावर घेऊन बाहेर आले. पायऱ्या उतरता उतरता मध्येच थांबले. खडूच्या खुणेपाशी. फळी तिथं टेकवली, पंच्यानं पुसली. आणि सवयीनं चुलीकडं तोंड वळवून म्हणाले, "तिला म्हणावं..." तिथंच थांबले. मग माझ्याकडं वळून, मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा, थेट मला म्हणाले, "शोभा, दोर जुना हाय. नवा बांदाय सांग पोरींना."

"बरं, भावजी," मी म्हटलं. आणि दोर आणायला आत गेले, कारण तिथं उभं राहणं मला जमलं नसतं.

आता संध्याकाळ झाली आहे. पोरी अजून झोक्यावर आहेत. खांब तिथंच आहेत, जाळी तिथंच आहे, आणि भावजी उद्याचं काही बोललेले नाहीत. हे मला विचारत होते, सकाळी गडी आले तर काय करणार. मी उत्तर दिलं नाही. तुला सांगते. उद्या उजाडताच मी सुपात लसूण घेऊन मधल्या पायरीवर बसणार आहे, बरोबर त्या खडूच्या खुणेवर. मला तिथून उठवायला तुझ्याएवढा मोठा आवाज लागतो, अक्का, आणि तेवढा आवाज आता या घरात कुणाचा राहिलेला नाही.